वरची खुंटी

देवघराची फळी वीतभर खाली घ्यायची म्हणून हे सकाळीच स्क्रू आणायला गेले. थोड्या वेळानं हार्डवेअरच्या दुकानातून रशीदभाईंचा फोन आला, "भाभी, लौकर या... साहेब बसल्या बसल्या कलंडले, बोलंना गेलेत." मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. स्क्रूची पुडी तेवढी मुठीत होती.

मी पावणेपाच फूट, हे सहा फुटी. लग्न होऊन सिडकोतल्या या घरात आले, तेव्हा यांनी मला स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून उभं केलं. "हात वर कर." बोटं पोचली तिथं पेन्सिलीनं रेघ ओढली आणि म्हणाले, "आता या घरात कुठलीच चीज या रेघेच्या वर जाणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "अरे, घर सजवायलास का झंपर बेतायलास?" चिकलठाण्याच्या कारखान्यातून आले की चहा होईस्तोवर ड्रिलची घरघर सुरू. फळ्या, बटणं, कपड्यांची दांडी, सगळं खाली आलं. दाराचं भिंग तर इतकं खाली, की त्यातून बघायला यांनाच कमरेत वाकावं लागे. कपाटाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं की चिडायचे, पण माझ्यावर नाही, कपाटावर. गेल्या वर्षी माझा खांदा आखडला, तेव्हा यांनी पुन्हा हात वर करायला लावला. जुन्या रेघेखाली नवी रेघ आली आणि पुन्हा एकेक वस्तू उतरू लागली. देवघर तेवढं राहिलं होतं.

एक खुंटी मात्र वरच. बेडरूमच्या दारामागची, यांच्या शर्टाची. शर्ट धुवायला काढायचा तर दर वेळी यांनाच बोलवावं लागे. मी वैतागायचे, "तेवढी पण खाली घ्या ना!"

"राहू दे गं एक. त्या निमित्तानं हाक तरी मारशील."

तेरावं झाल्यावर आमच्या संदीपनं त्याच स्क्रूंनी देवघर खाली घेतलं आणि ड्रिल घेऊन तो खुंटीकडे वळला. मी एवढ्या जोरात "नको" म्हणाले की तो दचकलाच. मग मला पुण्याला घेऊन गेला. सून प्रेमळ, कशाची ददात नाही. पण तिथं सगळं उंचावर. टॉवेलसाठी हाक, डब्यासाठी हाक... दिवसभर हाका मारत होते आणि प्रत्येक हाकेला दुसरंच कुणीतरी येत होतं. आठवड्यात परत निघाले. "एकटी कशी राहशील?" संदीपनं विचारलं. कशी म्हणजे... एकटी.

इथं सगळं हाताशी आहे. कुणाला बोलवायची गरजच पडत नाही, आणि तेच फार जड जातं. दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नाही. दारामागं निळ्या चौकटीचा शर्ट तसाच टांगलेला आहे. स्टूल पलंगाखालीच असतं, चढताही येतं मला. काल कपडे भिजवले आणि त्या दारामागं जाऊन उभी राहिले. "अहो, शर्ट काढून देता का?" अगदी पूर्वीसारखं, थोडं वैतागून म्हटलं. जरा वेळ थांबले... मग बाकीचे कपडे धुऊन टाकले.