ओठांतली प्रार्थना

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो, पण आजच का, ते विचारू नका.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आर्णीत आम्हा ख्रिस्ती लोकांची मोजकीच घरं. पाळकसाहेब यवतमाळहून महिन्यातून एखाद्या रविवारी येत, बाकीच्या रविवारी उपासना मी चालवायचो. सगळे मला मास्तर म्हणत. आणि माझी प्रार्थना — काय सांगू! डोळे मिटले की शब्द असे धावत यायचे की माझ्याच अंगावर काटा यायचा. बाया पदरानं डोळे पुसत. बुधवारची प्रार्थनासभा कधी येते असं मला होऊन जायचं. देवाशी बोलायला, की लोकांना ऐकवायला? घरी एकटा असताना मी गुडघे टेकत नव्हतो — हेही आत्ताच सांगून टाकतो.

मंडळीत सुशीलाबाई होती. नवरा कापसाच्या जीनवर, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला, एकुलती पोर लिली. त्या साली लिलीला मुदतीचा ताप आला. उतरेचना. बुधवारी तिला शेजारणीजवळ ठेवून सुशीलाबाई सभेला आली. आमच्यात एकेकानं प्रार्थना करायची रीत होती. तिची पाळी आली — आणि आवाजच नाही. मी डोळे किलकिले करून पाहिलं. नुसते ओठ हलत होते. गालांवरून पाणी वाहत होतं.

मला काय झालं होतं कोण जाणे. मी म्हणालो, "बाई, मोठ्यानं बोला. लोकांना आमेन म्हणता आलं पाहिजे."

"मले तुमच्यासारखं बोलता नाही येत, मास्तर. मनातल्या मनात सांगून राह्यले त्याले."

"म्हणूनच पोरीचा ताप उतरत नाही."

हो, म्हणालो मी असं. सगळ्यांसमोर. मग लिलीसाठी मीच प्रार्थना केली — आणि काय रंगली ती! घरी आलो, जेवलो, झोपलो. लिलीचं नाव पुन्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि ताप उतरला! एका बुधवारी सभेत सुशीलाबाईनं पोरीला माझ्यापुढे उभं केलं. "तुमच्या प्रार्थनेनं उठली, मास्तर." मंडळी आनंदानं गाऊ लागली. मी हात जोडून मान लववली, अगदी नम्रपणे.

पण मुख्य गोष्ट ही नाही. मुख्य गोष्ट त्याच्या पुढची.

त्या शनिवारी दुपारी उपदेशाची तयारी करायला मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मूल नाही म्हणून मंदिरात रडत प्रार्थना करते आहे. ओठ हलताहेत, आवाज नाही. मंदिराच्या याजकाला, एलीला, वाटतं, ही दारू पिऊन आली आहे. मी ताडकन उठून बसलो! किती वेळा वाचली होती ही गोष्ट — दिसली कधीच नव्हती. देवाला आवाज लागत नाही! सुंदर भाषा लागत नाही! आणि एली? तिचं दुःख कळताच त्यानं आपलं बोलणं फिरवलं, तिला आशीर्वाद देऊन शांतीनं धाडलं. बायको जेवायला हाका मारत होती, मला ऐकू येत नव्हतं. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. इतका आनंद मला शास्त्र वाचून कधी झाला नव्हता.

एली कोण होता, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. न कळायला झालं काय?

रविवारी मी हन्नावर बोललो. काय बोललो! खाली बसलेली माणसं पुढं सरकली. एलीच्या चुकीपाशी आलो तेव्हा सुशीलाबाईनं डोळे वर केले. माझी जीभ जराही अडखळली नाही. आता, आता माझी चूक सांगतो, असं मनात म्हणत राहिलो, आणि शेवटचं गीत सुरू झालं.

उपासना सुटल्यावर ती दाराशी थांबली. लिलीचा हात हातात. चेहरा असा उजळलेला, जणू कुणी तिला मोठी बातमी दिली होती.

"मास्तर, हन्नाचं देवानं ऐकलं? बिना आवाजाचं?"

"ऐकलं."

"मंग त्या दिवशी माह्यही ऐकलं असन काय?"

इतकं सोपं होतं. 'हो' म्हणायचं. मागं लोक उभे होते. त्यांना काय वाटेल? मग मास्तरांच्या प्रार्थनेचं काय?

"हन्नाची गोष्ट वेगळी होती," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. पोरीला घेऊन गेली.

पुढे नवऱ्याचं जीनवरचं काम सुटून ते सगळे उमरखेडला जाईपर्यंत ती दर बुधवारी येत राहिली. तिची पाळी आली की ती खाली बघायची आणि हळूच म्हणायची, "माह्यासाठी तुम्हीच करा, मास्तर." आता तिचे ओठही हलत नसत. आणि मी, चढ्या आवाजात, तिच्यासाठी प्रार्थना करायचो.