झुझानाचा शब्दांचा कागद

मेणबत्ती विझल्याचा वास आला, की माझं डोकं आजही तापतं. लंडनमधल्या क्रॉयडनच्या चर्चमध्ये माझ्या स्लोव्हाक शेजारणीच्या, झुझानाच्या आईचं फ्युनरल होतं. प्रार्थना कळाव्यात म्हणून तिने इंग्लिश शब्दांपुढे स्लोव्हाक अर्थ लिहून आणले होते. सोल म्हणजे दुशा, ग्रेव्ह म्हणजे ह्रोब.

दारात लोकांना आत सोडणाऱ्या चर्चच्या बाईंनी तो कागदच काढून घेतला. "नो स्क्रॅप्स ऑफ पेपर, डियर. जस्ट लिसन."

झुझाना माझ्याकडे बघत राहिली. आणि मी? देवळाच्या सवयीने दारात बूट काढून, भोकं पडलेल्या मोज्यांत उभी! आधीच हसं झालेलं, म्हणून तोंड शिवून बसले. आईसाठी म्हटलेलं तिला काहीच कळलं नाही.

कागदावरचा शेवटचा शब्द होता फर्गिव्हनेस, म्हणजे ओदपुस्तेनिये. त्या बाईंना माफ करणं अजून जमलेलं नाही. मोज्यांतल्या त्या बयेला तर मुळीच नाही.