आईचं सागवानी कपाट

घरातली कोणती वस्तू फक्त तुमच्या आईची आहे, सांगता येईल?

नव्या घरासाठी कपाट बघायला मी परवा नाशिकमधल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात गेले होते. एका सागवानी कपाटाच्या आरशावर टिकल्या चिकटलेल्या होत्या. "ताई, ब्लेडनं खरवडून देतो, काळजी नको," दुकानदार म्हणाला. मी दार उघडलं. आईच्या कपाटासारखाच डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी पुन्हा दहा वर्षांची झाले.

आई आणि मी दिंडोरीहून, तिच्या माहेरून परतलो होतो. तिच्या साड्या पलंगावर गाठोड्यात होत्या. कपाटाची जागा रिकामी होती. बाबा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कामगार संघटनेचं काम करायचे. "संघटनेच्या ऑफिसात पत्रकं भिजत होती गं. कपाट चांगल्या कामी लागलं," ते खुशीत म्हणाले.

"माझ्या वडिलांनी लग्नात दिलं होतं ते. मला विचारायचं तरी!"

"अगं, एका कपाटाचं काय घेऊन बसलीस?"

आई रिकाम्या भिंतीवरून हात फिरवत राहिली. मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला होता. कामगारांना न विचारता निर्णय घेणाऱ्या मालकांविरुद्ध ते लिहायचे. त्याच पत्रकांवर मी वाढले. आधी विचारावं, आईनंही तेच मागितलं होतं, हे समजायला मला फार उशीर झाला. दुसरं कपाट तिनं कधी मागितलं नाही. ती गेली तेव्हाही तिच्या साड्या गाठोड्यातच होत्या.

घरातलं जुनं कपाट कुणाला देण्याआधी ते जिचं आहे तिला विचारा. ती नको म्हणाली, तर त्याला हात लावू नका.