तिनं मावशींना सांगितलं

त्या वर्षी दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची मराठी शाळा, आजूबाजूला सगळे माग. दिवाळीनंतर आंध्रातून आलेली एक मुलगी माझ्या वर्गात दाखल झाली. वडील मागावर कामाला लागले होते. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. मी काहीही विचारलं तरी ती खाली मान घालून "हा बाई" एवढंच म्हणायची.

मुलं माझ्याजवळ मोकळी होतात, याचा मला फार अभिमान. ही होईना. पण मधल्या सुट्टीत बघावं तर घरी तेलुगूच बोलणाऱ्या आमच्या शिपाई मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून तिची तेलुगूत अखंड बडबड चाललेली. मावशी तिच्या केसांतून हात फिरवायच्या. ते बघून मनात यायचं, चार वर्षं शिकवतेय मी, आणि पोर जाते कुणाकडे, तर घंटा देणाऱ्या बाईकडे!

एक दिवस मावशी सांगत आल्या, "बाई, त्या पोरीचं—"

मी पुढं बोलूच दिलं नाही. "मावशी, तिच्याशी तेलुगू बोलू नका. मांडीवर घेऊन बसणंही बंद करा. अशानं तिला मराठी कधी येणार?"

"बरं बाई," त्या म्हणाल्या. मराठीची काळजी हे निमित्त होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग ती मुलगी वर्गात भिंतीला एक गाल टेकून बसू लागली. मला वाटलं, आळस. मी तिला उभं केलं. तासभर उभी राहिली, डोळ्यांत टिपूस नाही. हेडमास्तरांना सांगितलं तर ते हसले. "बाहेरून आलेली पोरं काटक असतात हो. आपल्या पोरांसारखं त्यांना लागत नाही." मीही मान डोलावली.

आठवड्यानं तिची पाटी तपासायला वाकले, तर घाण वास आला. कानातून पू वाहून फ्रॉकच्या कॉलरवर वाळला होता. मी मावशींना हाक मारली आणि आम्ही तिघी रिक्षानं दवाखान्यात गेलो.

"किती दिवसांपासून दुखतंय?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी मावशींकडे पाहिलं.

"तीन आठवडे झाले की," मावशी म्हणाल्या. "रोज सांगत हुती मला. तुमाला सांगाया आले, तर तुमीच बोलू नका म्हनला."

कानाचा पडदा फाटला होता. जखम भरली, पण त्या कानानं तिला कमी ऐकू यायला लागलं. तिला मी पहिल्या रांगेत, चांगला कान माझ्याकडे येईल असं बसवलं. मावशींकडून तेलुगू शिकायला लागले. "एक्कड नोप्पी?" म्हणजे कुठं दुखतंय? माझे उच्चार ऐकून वर्ग हसायचा, तीही हसायची. माझी चूक मी हेडमास्तरांना सांगितली. ते "बरं, बरं" म्हणाले आणि हजेरीपट बघत राहिले.

तिसरीत गेल्यावर एकदा तिला शाळेतच ताप भरला. मी माझ्या वर्गाच्या दारात उभी होते. तिनं मला पाहिलं, हसली, आणि तशीच पुढं मावशींकडे गेली. सगळं कळूनसुद्धा त्या क्षणी मला मावशींचा राग आला.