नरखेडपर्यंतची ट्रायल

गाडीची ट्रायल म्हणजे धरमपेठेत एक चक्कर, असा शोरूमवाल्यांचा समज आहे. गुळगुळीत डांबरावरून निघायचं, दोन सिग्नल घ्यायचे, वळायचं, आणि परत येऊन त्यांचा पाणचट चहा प्यायचा. मी त्यांना सरळ सांगितलं की नंदनवनात माझं मोटारपंपांचं दुकान आहे आणि पंप घेणारा शेतकरी तो माझ्या फरशीवर फिरवून बघत नाही, विहिरीवर बसवून पाणी चढतं का ते बघतो. मला गाडी नरखेडच्या पुढे न्यायची होती. मॅनेजर नाही म्हणाला. मी अर्धा दिवस त्याच्यासमोर खुर्चीत बसून राहिलो, तेव्हा हो म्हणाला. सोबत त्यांचा माणूस येईल, एवढी अट घातली.

नरखेडच कशासाठी, तर माझी बायको सुनंदा. तिचं माहेर नरखेडजवळच्या एका खेड्यातलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एकदाच माहेरी गेली, आमच्या जुन्या गाडीतून, आणि परतल्यावर आठवडाभर अंथरुणात होती. मग तिनंच सांगितलं की आई फोनवर दिसते, तेवढं पुरे. तिची आई ऐंशीच्या पुढची आहे. फोनवर तिचं अर्धं कपाळ आणि घराचं छत दिसतं.

म्हणून मी गाड्या बघत फिरत होतो. एक बघितली ती उंच डब्यासारखी. चढायला-उतरायला उत्तम, पण वळणावर अशी कलते की आतला माणूस आपोआप देवाचं नाव घेतो. दुसरी जड पत्र्याची. दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज, हायवेवर दगडासारखी स्थिर, पण मागची सीट शाळेच्या बाकासारखी ताठ आणि गिअर टाकताना खांदा दुखतो. उरली ती आमच्याच गाडीची नवी पिढी. नाव तेच, बाकी सगळं बदललेलं. जुनी बनवणं त्यांनी बंद केलं. माझ्या जुनीची किंमत करायला शोरूमचा एक माणूस आला होता. त्यानं बॉनेट उघडलं, तोंड वाकडं केलं आणि भंगारवाला सांगेल तसा आकडा सांगितला. सायकलवर वॉशर विकत सुरुवात केलेल्या माझ्यासारख्या माणसाची ती पहिली स्वतःच्या पैशाची गाडी होती. तो राग मनात घेऊनच मी सकाळी नव्या गाडीत बसलो.

सुनंदा पुढे बसली. मागे शोरूमचा पंकज. तिशीचा, उंच, गळ्यात ओळखपत्र. त्याचे गुडघे माझ्या पाठीला लागत होते. मी म्हटलं, मागे जागा वाढवली असं जाहिरातीत लिहिलंय. तो म्हणाला, "वाढवली ना काका. माझेच पाय जास्त आहेत."

काटोल नाका ओलांडेपर्यंत माझ्या तक्रारी मोजण्यापलीकडे गेल्या होत्या. जुन्या गाडीचं इंजिन चार सिलिंडरचं, सिग्नलला उभी असली की चालू आहे की बंद हे कळत नसे. या नवीला तीनच. उभी राहिली की हलकी थरथर पायापर्यंत येते, पाया नीट न बसवलेल्या पंपासारखी. एसी कमीजास्त करायला पूर्वी एक गोल बटण होतं, न बघता फिरवता यायचं. आता ते पडद्यावर. मी पडद्यात बोट घालत असताना समोर कापसाचा ट्रॅक्टर आला आणि मी इतक्या जोरात ब्रेक मारला की पंकज पुढे आला. ब्रेक मात्र चांगले आहेत, हे मला तेव्हा कळलं. मी ते बोललो नाही.

बोलायचं नाही, हा माझा धंद्यातला नियम. आवडलेली वस्तू हातात धरायची नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. फेटरीला पोह्यांसाठी थांबलो. तर्री (हरभऱ्याचा तिखट रस्सा) ओतून घेताना मी गाडीकडे पाठ करून उभा राहिलो आणि पंकजला ऐकू जाईल अशा आवाजात टपरीवाल्याशी बोललो, की आजकाल गाड्यांना नुसता रंग असतो. टपरीवाल्यानं गाडीकडे बघितलं आणि रंग चांगला आहे म्हणाला. मदत म्हणून कोणी करेल तर शपथ.

काटोलच्या पुढे बागा लागतात. अंबिया बहाराची (दिवाळीच्या सुमारास उतरणाऱ्या संत्र्यांची) तोड चालू होती. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग, क्रेट भरणाऱ्या बाया, अर्ध्या रस्त्यात तिरपे लावलेले ट्रक. नोव्हेंबरचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं होतं. पण मी रस्ता बघत होतो, कारण खरी परीक्षा इथूनच होती. डांबर मध्येच संपतं, मग गिट्टी, मग पुन्हा डांबर, आणि पुलांच्या दोन्ही तोंडाशी खोल खाच. आमची जुनी या खाचांवर धाडकन आदळायची. मी नवीला पहिल्या खाचेत मुद्दाम जरा वेगात घातली.

काही झालं नाही. गाडी खाली गेली, वर आली, आणि सुनंदा तिच्या वहिनीबद्दल जे सांगत होती ते वाक्य न तोडता तिनं पूर्ण केलं.

मी दुसऱ्या खाचेत घातली. तेच. स्टेअरिंग जुन्यापेक्षा फार हलकं आहे, रस्ता हातात जाणवत नाही, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. पण धक्का खालच्या खाली विरतो. मी ओरडून म्हटलं, स्टेअरिंग म्हणजे खेळणं आहे. पंकज म्हणाला, "हो काका, बायाही आरामानं चालवून राहिल्या." सुनंदानं वळून त्याच्याकडे असं बघितलं की पुढचे दोन किलोमीटर तो खिडकीबाहेर बघत होता.

गावाच्या आधी पांदण (शेतातून जाणारी कच्ची वाट) लागते. मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासला, दोनदा. जुनी घासत नसे. हा खरा दोष होता, आणि तो सापडल्यावर मला जरा बरं वाटलं.

घरासमोर थांबलो. सुनंदा उतरली, कमरेवर हात न ठेवता सरळ अंगणात गेली आणि आईच्या पायाशी बसली. मी डिकी उघडून उगाच आत बघत राहिलो. गाडी मला घ्यायची होती, हे मला तेव्हाच कळलं. आता काम एकच होतं, ते पंकजला कळू न देणं.

आणि तेवढ्यात सासूबाई घरात जाऊन आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या.

मी घाईघाईनं त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं की ही अजून आपली नाही, नुसती बघायला आणली आहे.

"दारात उभी आहे ना, जावईबापू?" त्या ठणकावून म्हणाल्या. "माझी पोरगी हिच्यातून उतरली का नाही? मंग काहून नाही म्हणता?"

त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आरशाला झेंडूची माळ घातली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग नारळ पंकजच्या हातात दिला. "तू उंच आहेस गा, तूच फोड." शोरूमच्या माणसानं शोरूमच्याच गाडीपुढे माझ्यासाठी नारळ फोडला. शेजारच्या चार बाया पेढे मागायला आल्या. कोणी तरी फोटो काढला, पंकजनंही काढला, आणि मी बघतोय तोवर तो त्यानं मॅनेजरला पाठवलासुद्धा. पूजा झालेल्या गाडीचा भाव कसा करायचा, हे आयुष्यभराच्या धंद्यानं मला शिकवलेलं नव्हतं.

जेवायला पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्या घातलेला झणझणीत रस्सा) आणि ज्वारीची भाकरी होती. पंकजनं तीन वेळा रस्सा घेतला. सासूबाईंनी त्याला किती लेकरं आहेत ते विचारून घेतलं. माझा शत्रू माझ्याच सासुरवाडीत पोटभर जेवत होता.

परतताना पांदणीत बाभळीचा काटा घुसला आणि मागचं चाक बसलं. डिकीतून पंकजनं स्टेपनी काढली, तर ते बारकं, अरुंद चाक. जुन्या गाडीत पाचवं चाक बाकीच्या चारांसारखंच असायचं. यावर म्हणे हळूहळू चालवायचं. काटोलपर्यंत आम्हाला सायकलवाल्यांनी मागे टाकलं. पंक्चरवाला ते चाक हातात घेऊन फिरवत म्हणाला, "हे गाडीचं आहे का मोपेडचं?" मी त्याला ते पंकजकडे बघून पुन्हा म्हणायला लावलं. हत्यार सापडलं होतं. सबंध रस्ताभर मी त्या चाकावरच बोललो. सुनंदा फक्त एकदा म्हणाली, "आईले आज लय बरं वाटलं."

शोरूमला पोचलो तेव्हा मॅनेजरच्या टेबलावर तो फोटो उघडाच होता. त्यानं माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, कशाचं? मला पूर्ण आकाराची स्टेपनी हवी आणि माझ्या जुन्या गाडीची सन्मानानं किंमत हवी. त्यानं दोन्हीला नकारार्थी मान हलवली. स्टेपनी कंपनी देत नाही. बुकिंग केल्यावर चार महिने थांबावं लागेल. बुकिंग रद्द झालेली एकच गाडी आवारात उभी आहे, आणि तिच्यासाठी दुसरे ग्राहक येणार आहेत. दुसरे ग्राहक मी स्वतः रोज दुकानात बसून तयार करतो. असले ग्राहक कधी येत नाहीत.

मी उठलो. उठून जाणं हीच माझी पद्धत आहे. जिन्यापर्यंत गेलं की मागून हाक येते, रस्ता ओलांडला की भाव उतरतो, घरी पोचेपर्यंत फोन येतो. फोन समोरच्यानं करायचा. आपण केला की संपलं. सुनंदाला चल म्हटलं. ती आवारातल्या त्या गाडीपाशी थोडी थांबली आणि आली.

आम्ही आमच्या जुन्या गाडीत बसलो आणि नंदनवनकडे निघालो. फोन मी समोर ठेवला होता. पहिल्या स्पीडब्रेकरला सुनंदानं दरवाजाच्या वरचं हँडल धरलं. मी गाडी हळू घेतली तरी ती आदळली. सुनंदानं श्वास रोखला, सोडला, आणि हँडल धरूनच ठेवलं. पुढचा खड्डा यायच्या आधीच तिची बोटं पांढरी झाली होती. शहरातल्या रस्त्यांनी तिला काही होत नाही, असं मी दोन वर्षं समजत होतो. दिवसभर त्या दुसऱ्या गाडीत, गिट्टीवर, पांदणीत, तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"दुखतं का?" मी विचारलं.

"रोजचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही समोर बघा."

मी गाडी कडेला घेतली आणि पंकजला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. आता मात्र ते दुसरे ग्राहक मला खरे वाटायला लागले. टेबलाशी बसलेले दिसायला लागले, नवराबायको, हातात चेकबुक घेऊन. तिसऱ्यांदा घंटा वाजली आणि त्यानं काका म्हणायच्या आत मी बोललो.

"ती उभी आहे ती गाडी ठेव. आहे तशी. कोणाले देऊ नको."

मग पंकज म्हणाला, "ठीक आहे काका. तसं मी तुम्हालेच लावून राहिलो होतो. साहेबानं तुमची पूर्ण स्टेपनी मान्य केली होती, जुन्या गाडीचंही वाढवून देतो म्हणाले होते. तुमचाच फोन बिझी येऊन राहिला होता. पण आता तुम्ही आहे तशी म्हणालेच, तं..."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुनंदानं माझ्या हातातून फोन घेतला, त्याला म्हणाली, पेपर तयार ठेवा भाऊ, आम्ही उद्या येतो, आणि बंद केला.

आता दुकानात कोणी विचारलं की नवीन गाडी कशी आहे, तर मी सगळं खरं सांगतो. इंजिन थरथरतं, एसीसाठी पडद्यात बोटं घालावी लागतात, पोट जमिनीला घासतं, पाचवं चाक मोपेडचं आहे, आणि ती विकणारे लोक एका मिनिटासाठी माणसाला लुटतात. ऐकणारा मग विचारतो की काका, एवढी वाईट आहे तर विकून का टाकत नाही. त्याला मी सांगतो की या रविवारी नाही जमणार, या रविवारी आम्ही नरखेडला चाललो आहोत.