गार पाण्याची गोष्ट

प्रसूतिगृहातल्या आयाबाईंना सगळे साबणमावशी म्हणत. त्यांच्या देखत हात न धुता बाळंतिणीच्या खाटेकडे फिरकायची कुणाची बिशाद नव्हती. मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी एकदा दारातून बेसिनकडे परत पिटाळलं होतं, आणि डॉक्टर निमूट गेले हो!

मावशींची आवडती गोष्ट एकच, त्या स्वतः बाळंत झाल्या तेव्हाची. अंगात ताप होता, पण घरी जायची घाई. मग काय, नर्स यायच्या आधी तोंडात गार पाणी धरलं, थर्मामीटरला चकवलं आणि ऐटीत घरी गेल्या! ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती, आणि दरवेळी हशा पिकायचा.

यंदा त्यांची लेक दुसऱ्यांदा बाळंत झाली, तीही त्याच प्रसूतिगृहात. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने तिच्या तोंडात थर्मामीटर लावला. ताप नव्हता. डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली. जावई थोरल्या पोरीला कडेवर घेऊन फाटकाशी हजर. मावशींनीही घरची खोली झाडूनपुसून ठेवलेली. बाळाची दुपटी गोळा करता करता त्यांचा हात लेकीच्या मानेला लागला आणि चटकाच बसला. उशाशी पाहतात तो पाण्याचा पेला रिकामा! लेक नजर चुकवू लागली.

मावशींनी नर्सला बोलावून थर्मामीटर काखेत लावायला लावला. ताप एकशे दोन! डॉक्टरांनी पोट दाबलं तशी लेक कळवळली. गर्भाशयात जंतू शिरलेत, ते म्हणाले, घरी गेली असती तर जिवावर बेतलं असतं. तिथल्या तिथे सलाईनमधून औषध सुरू झालं.

लेक रडकुंडीला आली. "आई, तूच तर सांगायचीस."

मावशी खाटेच्या कडेवर बसल्या. "अर्धीच सांगितली गं. चौथ्या दिवशी मला बेशुद्ध उचलून आणलं होतं. तू महिनाभर आईविना राहिलीस. तेव्हापासून हा साबण हातात आहे. पण त्यावर कोण हसणार, म्हणून तेवढं गाळलं."

आठवड्याने लेक ठणठणीत होऊन, बाळाला घेऊन घरी गेली.

मावशी ती गोष्ट अजून सांगतात, प्रत्येक बाळंतिणीला. टाके दुखतील म्हणून बेतानंच हसवतात, आणि मग उरलेली अर्धीही सांगतात. थर्मामीटर मात्र आता सगळ्यांना काखेतच लागतो.