साठ ग्रॅम सूत

११ मार्च १९७२, शनिवार, सकाळचे दहा. रक्कम दोनशे सोळा रुपये. हजर: सक्करदऱ्याजवळच्या वस्तीतला एक विणकर, त्याची बायको, त्याला सूत देणाऱ्या शेठची दोन माणसं आणि मी.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. एका संशोधन संस्थेसाठी विणकरांच्या घरात बसून त्यांचा दिवस टिपून घ्यायचं काम होतं. या घरातला तो माझा एकेचाळिसावा दिवस. विणकर थट्टा करायचा, “साहेब, मी खोकललो, लिहा.” मी खरंच लिहायचो.

आमची पद्धत अशी की एकानं सांगितलेलं दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचं. मला ती फार पटली होती.

शेठ एका लुगड्यासाठी सातशे ग्रॅम सूत तोलून द्यायचा आणि तयार लुगडंही तोलूनच घ्यायचा. सूत लागायचं सहाशे चाळीस. बाकी साठ ग्रॅमचं वजन तांदळाची खळ लावून भरून काढायचं आणि उरलेलं सूत विणकरानं ठेवायचं. सगळ्या वस्तीचा हाच रिवाज होता. शेठलाही अंदाज होता, पण आकडा त्याच्या हाती नव्हता.

बुधवारी मी त्याच्या पेढीवर जाऊन विचारलं, “एका लुगड्यात सहाशे चाळीस ग्रॅम सूत जातं, बरोबर ना?” घर कोणतं ते सांगितलं नाही. पण मी कोणाकडे बसतो हे त्याला माहीत होतं. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

शनिवारी त्याच्या माणसांनी दारातूनच हिशेब ओरडून सांगितला. महिन्याला दहा लुगडी, दोन वर्षांचं चोरलेलं सूत चौदा किलो चारशे, पंधरा रुपयांनी दोनशे सोळा.

“कोनं सांगितलं तुमाले?” विणकरानं मागावरूनच विचारलं.

“तुह्या साहेबानं. विचार न बे त्याले.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

एकानं त्याला केसांना धरून मागाच्या खड्ड्यातून वर ओढलं. दुसऱ्यानं विळ्यानं मागावरचे ताणलेले धागे कापले, मागाची फणी गुडघ्यावर मोडली. मग विणकराचा उजवा हात मागाच्या लाकडावर दाबून धरला आणि दांड्यानं चार घाव घातले. तिसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज आला, तरी चौथा घातलाच. बायको नवऱ्याच्या अंगावर पडली तेव्हा तिच्या पोटात लाथ बसली. मी तेव्हा कुठे मधे गेलो. तोंडावर ठोसा बसला, एक दात पडला.

“हेबी लिही, साहेब,” मारणारा म्हणाला. “सोमवारपर्यंत पैसे, नाही तं दुसरा हात.”

धंतोलीतल्या डॉक्टरनं दोन बोटं कापली. मागावर धोटा फेकायचा हात गेला. मी पोलिसात जाऊ म्हणालो.

“अन् मंग सूत कोन देईन? तुमी?” खाटेवरून विणकर म्हणाला.

रविवारी मी माझ्या दोन महिन्यांच्या पगाराचे तीनशे रुपये त्याच्या बायकोपुढे ठेवले. तिनं हात लावला नाही.

“मले काहून देता? शेठले द्या. चोर म्हून नाव पडलं तं कोनीच सूत देनार नाही. माग आता मी चालवीन.” मी उठलो तेव्हा म्हणाली, “अन् भाऊ, वही घेऊन पुन्हा येऊ नका.”

सोमवारी पेढीवर दोनशे सोळा मोजले. पावती विणकराच्या नावानं मागितली. शेठनं पावतीपुस्तक उघडलं, पण आधी आणखी नऊ रुपये मागितले. मोडलेली फणी त्याच्या मालकीची होती. तेही दिले. बाईला त्याच दिवशी सूत मिळालं, सातशे ग्रॅम.

दिले एकूण दोनशे पंचवीस रुपये, शेठला.